हंगाम बदलताना डोळ्यांना येणारी खाज : कोकणातील घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पाऊस ओसरू लागला आणि सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे, गवत फुलोऱ्यावर आले, की कोकणातल्या घराघरांत कुणी ना कुणी डोळे चोळताना दिसू लागते. काहींना हा त्रास भातकापणीच्या दिवसांत होतो, काहींना आंब्याला मोहोर आल्यावर, तर काहींना ऐन पावसात, कोंदट खोलीत गोधडी अंगावर ओढून घेतली की लगेच. दरवर्षी ठरावीक दिवसांत दोन्ही डोळे खाजतात, पाणावतात, लाल होतात, सोबत शिंका सुरू होतात आणि ते दिवस सरले की सगळे थांबते. ही हंगामी ॲलर्जी होय. तिने सहसा दृष्टी जात नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु झोप, मुलांचा अभ्यास, गाडी चालवणे, शिवणकाम अशा सगळ्यांवर तिचा परिणाम होतो, आणि चुकीच्या उपायांनी मात्र डोळ्याची कायमची हानी होऊ शकते.

उपायांचा क्रम येथे फार महत्त्वाचा आहे. आधी चोळणे थांबवावे, मग डोळ्यातील कण धुऊन काढावेत, मग थंडावा द्यावा आणि त्यानंतर औषधाकडे वळावे. बहुतेक जण नेमके उलटे करतात: मेडिकलमधून मिळेल ती बाटली आणून थेंब टाकतात आणि ज्या धुळीत बसून डोळे खाजले, त्याच धुळीत पुन्हा जाऊन बसतात.

खाज येते कशी

डोळ्याचा पांढरा भाग आणि पापण्यांची आतली बाजू एका पातळ, पारदर्शक पडद्याने झाकलेली असते. या पडद्यात मास्ट पेशी नावाच्या पेशी मोठ्या संख्येने असतात. एखाद्याला विशिष्ट परागकणांची, बुरशीच्या बीजाणूंची किंवा धुळीतील सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी असेल, तर त्याच्या शरीरात त्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होऊन या मास्ट पेशींवर बसलेली असतात. तोच पदार्थ पुन्हा डोळ्यात गेला, की काही मिनिटांत या पेशींतून हिस्टामिन आणि इतर रसायने बाहेर पडतात. हिस्टामिनमुळे मज्जातंतूंची टोके चाळवली जातात म्हणून खाज येते, रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून डोळा लाल होतो आणि त्यांतून द्रव पाझरतो म्हणून पापण्या सुजतात. हीच प्रतिक्रिया काही तासांनी पुन्हा उसळू शकते, त्यामुळे सकाळी शेतावर बसलेल्या धुळीची खाज संध्याकाळी घरी आल्यावर वाढलेली आढळते.

डोळे चोळल्यावर क्षणभर बरे वाटते, हे खरे आहे. पण चोळण्याच्या दाबानेच मास्ट पेशींतून आणखी हिस्टामिन बाहेर पडते आणि थोड्याच वेळात खाज अधिक जोराने परत येते. वर्षानुवर्षे जोरजोरात डोळे चोळणाऱ्या मुलांमध्ये बुबुळाचा पुढचा पारदर्शक भाग पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा विकार, म्हणजे केराटोकोनस, होण्याचा धोका वाढतो. त्यात चष्म्याचा नंबर सतत बदलत जातो आणि पुढे साध्या चष्म्यानेही नीट दिसेनासे होते. म्हणूनच ‘चोळू नका’ हा वडीलधाऱ्यांचा नेहमीचा दटावणीचा शब्द येथे उपचाराचाच भाग आहे.

ही ॲलर्जीच आहे ना, हे आधी ठरवावे

ॲलर्जीची पहिली खूण खाज ही आहे. खाज नसेल, नुसती जळजळ किंवा चुरचुर असेल, तर कारण बहुधा वेगळे असते. चुलीचा धूर, भाजावळीचा धूर, धूप-अगरबत्ती, तासन्‌तास मोबाइलकडे पाहणे किंवा डोळ्यातील ओलावा कमी होणे यांनी डोळे जळजळतात. त्यावर ॲलर्जीचे थेंब टाकून फारसा उपयोग होत नाही. ॲलर्जीत बहुधा दोन्ही डोळे एकाच वेळी खाजतात, पाणी पातळ असते, फार तर पांढरट, तारेसारखा ताणला जाणारा चिकट स्राव येतो, आणि नाक गळणे, टाळूला खाज येणे, शिंका अशी लक्षणे सोबत असतात.

साथीत ‘डोळे येतात’ तेव्हा चित्र निराळे असते. बहुधा एका डोळ्याला आधी सुरुवात होते, एक-दोन दिवसांत दुसराही लागतो, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, चिपडे जास्त येतात आणि घरातल्या एकाला झाले की दुसऱ्याला होते. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर अशी मोठी साथ आली होती आणि त्या वेळी कित्येकांनी ॲलर्जी समजून नेहमीचे थेंब टाकत दिवस काढले. ॲलर्जी एकापासून दुसऱ्याला लागत नाही. साथीचे डोळे लागतात. शंका असेल तेव्हा टॉवेल, उशी आणि थेंबांची बाटली वेगळी ठेवावी, यात काही बिघडत नाही.

कोकणातल्या शेतकरी कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. भात कापताना पातीचे टोक डोळ्याला लागले, झोडताना तूस किंवा कुसळ डोळ्यात उडाले आणि त्यानंतर एकाच डोळ्यात टोचणे, दुखणे, उजेड सहन न होणे असे सुरू झाले, तर ती ॲलर्जी मुळीच समजू नये. वनस्पतीमुळे बुबुळाला झालेल्या बारीक जखमेतून बुरशीचा संसर्ग शिरू शकतो. तो सुरुवातीला सौम्य वाटतो आणि आठवडाभरात बुबुळावर पांढरा डाग दिसू लागतो. अशा डोळ्यात घरातले जुने थेंब टाकणे फार घातक ठरते. त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

त्याचप्रमाणे आंबा-काजूच्या बागेत फवारणी करताना औषध डोळ्यात उडाले, तर इतर सगळा विचार बाजूला ठेवून हाताशी असेल त्या स्वच्छ, वाहत्या पाण्याने पापण्या उघड्या धरून निदान १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा आणि मग औषधाच्या बाटलीवरचे लेबल सोबत घेऊन रुग्णालयात जावे.

खाज सुटलेली असताना काय करावे

सर्वप्रथम हात साबणाने धुवावेत. शेतातून, गोठ्यातून किंवा माळ्यावरून आलेल्या हातांवर तेच कण असतात, ज्यांनी डोळे खाजत आहेत. त्यानंतर डोळे मिटून चेहरा, भुवया आणि पापण्या साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवाव्यात. पापण्यांच्या केसांत अडकलेले कण यातच बरेचसे निघून जातात.

डोळ्याच्या आत मात्र विहिरीचे किंवा नळाचे पाणी मारू नये. रसायन उडाल्यावर ते अपरिहार्य असते, पण रोजच्या खाजेसाठी नाही. न उकळलेल्या पाण्यातील सूक्ष्मजीव बुबुळाला इजा करू शकतात, आणि कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांना तर हा धोका फारच मोठा असतो. आतून धुण्यासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरावेत. कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज असलेले ०.५ टक्क्यांचे थेंब सहज मिळतात. ते कण धुऊन काढतात, उरलेल्यांची तीव्रता कमी करतात आणि डोळ्यावर ओलाव्याचा थर ठेवतात. दिवसातून चारहून अधिक वेळा ते लागणार असतील, तर टिकाऊपणासाठीचे रसायन नसलेले, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री थेंब मागावेत. बाटली फ्रिजच्या दारात ठेवली तर थंड थेंबांनी अधिक आराम पडतो. मात्र ती बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये.

त्यानंतर थंड पाण्याची घडी. धुतलेला मऊ सुती रुमाल गार पाण्यात बुडवून घट्ट पिळावा आणि आडवे पडून मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटे ठेवावा. रुमाल कोमट झाला की पुन्हा बुडवावा. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते आणि मज्जातंतूंची चाळवाचाळव शमते. बर्फ वापरायचाच असेल तर तो कापडात गुंडाळून ठेवावा, थेट पापणीवर नाही. दिवसातून चार-पाच वेळा असे केले तरी चालते. या घडीचा आणखी एक लाभ असा, की तेवढा वेळ हात डोळ्यांपासून दूर राहतात. लहान मुलांना नुसते रागावण्यापेक्षा त्यांच्या हाती ही घडी देणे अधिक उपयोगी पडते.

लेन्स वापरत असाल तर त्रास पूर्ण थांबेपर्यंत त्या बाजूला ठेवून चष्मा लावावा. काजळ, सुरमा, आयलायनरही त्या दिवसांत टाळावे.

ॲलर्जीचे थेंब आणि ते टाकण्याची पद्धत

वरील उपायांनी तासाभरात आराम पडला नाही किंवा रोजच त्रास होत असेल, तर ॲलर्जीवरचे थेंब लागतात. डॉक्टर सहसा ओलोपॅटाडीन किंवा किटोटिफेन या औषधांचे थेंब सुचवतात. ही औषधे दुहेरी काम करतात: हिस्टामिनचा परिणाम रोखतात, म्हणून काही मिनिटांत खाज कमी होते, आणि मास्ट पेशींना स्थिर ठेवतात, म्हणून पुढचा झटका सौम्य होतो. ओलोपॅटाडीनचे ०.१ टक्क्यांचे थेंब साधारणपणे दिवसातून दोनदा आणि ०.२ टक्क्यांचे एकदाच टाकायचे असतात, किटोटिफेनचे दोनदा. बाटलीवरील टक्केवारी न पाहता शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून वेळा ठरवू नयेत. सोडियम क्रोमोग्लायकेटचे थेंब याहून संथ असतात. ते दिवसातून चार वेळा नियमित टाकावे लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे जातात. म्हणून ते खाज सुटल्यावर नव्हे, तर हंगामाच्या आधीपासून सुरू करायचे औषध आहे.

गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता, तीन वर्षांखालील मुले आणि काचबिंदूचे रुग्ण यांच्याबाबत डॉक्टरांना विचारल्याखेरीज कोणतेही औषधी थेंब सुरू करू नयेत.

थेंब टाकण्याची पद्धत नीट सांगणे आवश्यक आहे, कारण निम्मे औषध गालावर ओघळते आणि मग ‘थेंबांचा गुण नाही’ असे म्हटले जाते. हात धुऊन खुर्चीत बसावे किंवा आडवे व्हावे. मान मागे टाकावी. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली की पापणी आणि डोळा यांच्यामध्ये एक छोटी खोबण तयार होते. नजर वर ठेवून त्या खोबणीत एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला किंवा केसांना लागू देऊ नये. थेंब पडल्यावर डोळे हळूच मिटावेत, मिचकावू नयेत, आणि नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा. या कोपऱ्यात अश्रूंची नळी सुरू होते. ती दाबल्याने औषध नाकात आणि घशात उतरत नाही, तोंड कडू होत नाही आणि औषध डोळ्यातच टिकते. डोळ्यात एका वेळी एका थेंबाइतकेही द्रव पूर्ण मावत नाही, त्यामुळे दोन-तीन थेंब एकदम टाकणे म्हणजे औषध वाया घालवणे. दोन प्रकारचे थेंब टाकायचे असतील तर मध्ये निदान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी आणि महिना उलटल्यावर, आत औषध शिल्लक असले तरी, ती टाकून द्यावी. आपल्या दमट हवेत हा नियम जास्तच काटेकोर पाळायला हवा.

शिंका, वाहते नाक आणि खाज असे सगळेच एकत्र असेल, तर सेटिरिझिन, लोराटाडीन किंवा फेक्सोफेनाडीन यांपैकी एखादी गोळी डॉक्टर देतात. सेटिरिझिनने काहींना गुंगी येते. ती घेऊन घाटातून गाडी चालवणे किंवा होडी घेऊन समुद्रात जाणे टाळावे. फेक्सोफेनाडीन फळांच्या रसाबरोबर घेतल्यास कमी शोषले जाते, म्हणून ते पाण्याबरोबरच घ्यावे. गोळ्यांनी डोळ्यातील ओलावा थोडा कमी होऊ शकतो, त्यामुळे फक्त डोळ्यांचाच त्रास असेल तर गोळीपेक्षा थेंब बरे. नाक कायम चोंदलेले राहत असेल, तर डॉक्टरांनी दिलेला नाकातील स्प्रे नियमित वापरल्याने पुष्कळदा डोळ्यांची खाजही कमी होते.

स्टेरॉइडचे थेंब : येथे फार जपावे

गावोगावी घडणारा प्रकार असा आहे. एखाद्याचे डोळे लाल होतात, कुणीतरी ‘लाल डोळ्याचे ड्रॉप’ आणून देते, दोन दिवसांत डोळा पांढरा स्वच्छ होतो आणि ती बाटली कपाटात जपून ठेवली जाते. पुढच्या हंगामात घरातले सगळे तिच्यातलेच थेंब टाकतात. अशा बाटलीत अनेकदा प्रतिजैविकाबरोबर डेक्सामेथाझोन, बीटामेथाझोन किंवा प्रेडनिसोलोन असते. ही स्टेरॉइड औषधे आहेत. त्यांचा गुण झटकन येतो, हेच त्यांच्याबाबत सर्वांत फसवे आहे.

देखरेखीशिवाय अनेक आठवडे वापरल्यास स्टेरॉइडने डोळ्यातील दाब वाढतो आणि काचबिंदू होऊ शकतो. त्यात नजर कडेकडेने हळूहळू जाते, दुखत नाही, कळत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. अकाली मोतीबिंदूही होऊ शकतो. बुबुळाला बुरशीचा किंवा नागिणीच्या जातीच्या विषाणूंचा संसर्ग असताना हे थेंब पडले तर तो संसर्ग झपाट्याने पसरतो. तीव्र ॲलर्जीत नेत्रतज्ज्ञ स्वतः काही दिवसांसाठी स्टेरॉइड देतात, त्यात गैर काही नाही. पण तेव्हा ते डोळ्याचा दाब मोजतात, दिवस ठरवून देतात आणि मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात. आज संध्याकाळी घरातल्या सर्व बाटल्या बाहेर काढून त्यांच्यावरील बारीक अक्षरे वाचावीत आणि यांपैकी एखादे नाव दिसले तर ती बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

लाली घालवण्यासाठी नॅफाझोलीनसारखी औषधे असलेले थेंबही मिळतात. ते रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसवतात. काही दिवस सतत वापरल्यावर थांबवले की लाली अधिकच वाढून परत येते.

घरगुती उपचारांबद्दल स्पष्ट सांगायचे तर गुलाबपाणी, मध, दुधाची साय, तुळशीचा रस, एरंडेल यांपैकी काहीही डोळ्याच्या आत घालू नये. यांतला एकही पदार्थ निर्जंतुक नसतो आणि फुला-पानांच्या रसात परागकणच असण्याची शक्यता असते. काकडीच्या गार चकत्या मिटलेल्या पापण्यांवर ठेवण्याने थंड घडीइतकाच आराम मिळतो. चकत्या आणि पापण्या स्वच्छ धुतलेल्या असाव्यात, एवढेच.

घरातले कारण शोधणे

कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चार महिने हवा ओलीचिंब असते. धुळीतील सूक्ष्म किडे, ज्यांना डस्ट माइट म्हणतात, पाणी पीत नाहीत. ते हवेतील ओलावा शोषून जगतात. हवेची आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की त्यांची वाढ खुंटते, पण आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर असते. उशी, गादी, गोधडी, जाड पडदे ही त्यांची घरे. हे किडे सुमारे ०.३ मिलिमीटर लांबीचे असल्याने सहजी दिसत नाहीत, आणि ॲलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे होते. सकाळी अंथरुणातून उठतानाच डोळे सर्वांत जास्त खाजत असतील, तर संशय गवतावर नव्हे, उशीवर घ्यावा.

चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या पाण्यात भिजवून धुवावेत. ज्यांच्याकडे न्हाणीघरात पाणी तापवायचा हंडा आहे, त्यांना हे अवघड नाही. पाण्याला फक्त हात लावू नये, काठीने ढवळावे. गाद्या, उशा आणि वाकळी पाऊस उघडताच, घटस्थापना-दसऱ्याच्या सुमारास, खळ्यात कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवाव्यात आणि नंतर झटकाव्यात. झटकण्याचे काम ज्याला ॲलर्जी आहे त्याने करू नये, आणि घराच्या पडवीत तर कुणीच करू नये.

बुरशीचा प्रश्न असाच. भिंतीला ओल आली, लाकडी कपाटाच्या पाठीला पांढरट-हिरवा थर धरला, कपड्यांना कुबट वास येऊ लागला, की तिचे बीजाणू हवेत असतात. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. डाग साबणाच्या पाण्याने ब्रशने घासून पूर्ण कोरडे करावेत. ब्लीचिंगचे पातळ द्रावण वापरायचे असेल तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ते संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. पावसाळ्यात ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालण्याची सवय बुरशीला सर्वांत जास्त पोसते. शक्य असेल तर ते पडवीत वाळवावेत.

गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांचा त्रास हा या दोन्हींचा एकत्रित परिणाम असतो. वर्षभर बंद असलेले घर चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत उघडायचे, माळ्यावरचे सामान काढायचे, जळमटे पाडायची, ट्रंकेतली पांघरुणे पसरायची आणि त्याच रात्री त्यांत झोपायचे. मग आरतीच्या वेळी डोळे सुजलेले. यावर उपाय असा, की ज्याला ॲलर्जी आहे त्याने दार उघडताच आत शिरू नये. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून घराला निदान तासभर वारा लागू द्यावा. सफाई दुसऱ्या कुणी करावी, नाका-तोंडावर मास्क बांधून. केरसुणीने कोरडा केर काढण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडावे किंवा सरळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. पंख्याची पाती पंखा लावण्याआधी ओल्या फडक्याने पुसावीत, नाहीतर एका क्षणात वर्षभराची धूळ खोलीभर उडते. उशी आणि चादर मुंबईहून सोबत आणावी. सामानात जागा लागते खरी, पण सणाचे पाच दिवस सुखाचे जातात. शेजारी किंवा भावकीतले कुणी आधी आठवडाभर घर उघडून ठेवणार असेल, तर त्याहून चांगले.

बाहेरचे कारण आणि वाऱ्याचा विचार

आंब्याच्या मोहोराला या त्रासाचा दोष सर्रास दिला जातो. मोहोराचे परागकण जड आणि चिकट असून ते मुख्यतः माश्या आणि इतर कीटक वाहून नेतात. मोहोराच्या झाडाखाली उभे राहिल्यावर किंवा बागेत काम करताना डोळे खाजू शकतात, पण वाऱ्यावर दूरवर पसरतात ते गवताचे हलके परागकण, आणि किनाऱ्यालगत सुरूच्या झाडांचे. सड्यावरची आणि बांधावरची गवते पावसाच्या अखेरीस फुलतात, म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ अनेकांना सर्वांत जड जातो. त्यातच भातकापणी आणि झोडणीची धूळ, तूस आणि पेंढ्यावरची बुरशी मिसळते.

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे येथे कामाला येतात. पाऊस गेल्यावर किनारपट्टीवर दिवसा, विशेषतः दुपारी, वारा समुद्रावरून येतो, आणि रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात परागकण साहजिकच कमी असतात. म्हणून त्रासाच्या महिन्यांत रात्री आणि सकाळी डोंगराकडच्या खिडक्या बंद ठेवाव्यात आणि दुपारी समुद्राकडच्या उघडाव्यात. समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जायचे असेल तर पहाटेपेक्षा संध्याकाळ बरी. डोंगराआड वसलेल्या, किनाऱ्यापासून लांबच्या गावांत हा हिशेब इतका नेमका लागू पडत नाही.

खळ्यात भात वारवताना वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि बाजूने बंद असलेला साधा पारदर्शक गॉगल लावावा. तो कुसळापासूनही डोळा वाचवतो, म्हणून ॲलर्जी नसलेल्यांनीही लावायला हवा. केसांना फडके बांधावे. घरी आल्यावर कपडे बाहेरच उतरवून डोक्यावरून अंघोळ करावी. दिवसभर केसांत साचलेले परागकण रात्री उशीवर उतरतात आणि मध्यरात्री खाज सुटते. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ठेवावी, कारण उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ डोळ्यांना ॲलर्जी नसतानाही कोरडे करते. शिमग्याला रंग खेळायचा असेल तर लेन्स काढून, गॉगल लावून खेळावा.

हे सारे कुणाला, कधी, कशाने होते, ते प्रत्येकाचे वेगळे असते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी डोळे खाजले त्या तारखेवर खूण करावी आणि शेजारी एक-दोन शब्द लिहावेत: ‘गवत कापले’, ‘माळा साफ’, ‘पाऊस’, ‘जुनी गोधडी’. वर्षभरात आपला हंगाम आणि आपले कारण बहुधा स्पष्ट होते. मग पुढच्या वर्षी त्या दिवसांच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून थेंब सुरू करता येतात. पेटलेली खाज विझवण्यापेक्षा हे कमी औषधात साधते.

लहान मुलांबाबत

साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये, ॲलर्जीचा एक तीव्र प्रकार आढळतो. उष्ण प्रदेशांत तो जास्त दिसतो आणि काही मुलांना वर्षभर टिकतो. मूल उजेडात डोळे उघडत नाही, सारखे मिचकावते, दोरीसारखा चिकट स्राव येतो, बुबुळाच्या कडेला मळकट फुगीर कडा दिसते. या मुलांच्या वरच्या पापणीच्या आत खडबडीत उंचवटे तयार होतात आणि ते बुबुळावर घासून जखम होऊ शकते. यावर घरी उपचार करू नयेत. नेत्रतज्ज्ञांकडे नियमित तपासणी आवश्यक असते. वय वाढेल तसा हा त्रास बहुतेकांचा कमी होतो, परंतु तोवर डोळे चोळण्यापासून आणि मनाने टाकलेल्या स्टेरॉइडपासून मुलाला जपणे हे पालकांचे मोठे काम आहे. शाळेत शिक्षकांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे डोळे आले समजून मुलाला विनाकारण घरी पाठवले जात नाही आणि खिडकीपासून दूरची जागा मिळते.

डॉक्टरांकडे केव्हा आणि कसे जावे

डोळा दुखणे, नजर धूसर होणे, उजेड सहन न होणे, एकच डोळा लाल होणे, पिवळा-हिरवा पू येणे, बुबुळावर डाग दिसणे किंवा डोळ्याला मार लागलेला असणे, यांपैकी काहीही असेल तर थांबू नये. साध्या खाजेतही तीन-चार दिवस वरील उपाय करून फरक पडला नाही तर तपासून घ्यावे. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस येथे जिल्हा रुग्णालये आहेत. लांबच्या गावांतून निघण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्रतपासणीचा वार विचारून घ्यावा, म्हणजे फेरी फुकट जात नाही. ओठ-चेहरा सुजणे, श्वास घ्यायला त्रास होणे, अंगावर पित्त उठणे असे डोळ्यांच्या सुजेबरोबर एकाएकी झाले तर ती सर्व शरीराची तीव्र प्रतिक्रिया असते. अशा वेळी लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दरवर्षी महिनोन्‌महिने त्रास होत असेल, तर त्वचेवरील चाचणीने कोणत्या पदार्थाची ॲलर्जी आहे हे शोधता येते आणि निवडक रुग्णांना त्या पदार्थाची अल्प मात्रा वाढवत नेणारी उपचारपद्धती देता येते. ती साधारण तीन ते पाच वर्षे चालते आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागते. तपासणीला जाताना खुणा केलेले कॅलेंडर, आजवर वापरलेल्या सर्व थेंबांच्या बाटल्या, अगदी रिकाम्यासुद्धा, आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून सोबत न्यावीत. त्वचेच्या चाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात; किती दिवस, ते वेळ ठरवतानाच डॉक्टरांना विचारावे.